नैराश्यावरची छोटी फिल्म: अंधार, पाऊस आणि डोकं धरून बसलेला माणूस सोडून काय दाखवू?

ओट्यावरचं_ऊन

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातला. लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग यावर माझं घर चालतं. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. त्या दिवशी गावात पडदा लावून सात-आठ मिनिटांची एक फिल्म दाखवायची आणि सोबत बारा फोटो मांडायचे, असं आम्ही चार मित्रांनी ठरवलंय. विषय नैराश्य.

पहिला कट तयार झाला. काचेवरून ओघळणारं पाणी, निळसर रंग, कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसलेला मुलगा, मागे संथ पियानो. काम स्वच्छ होतं, मित्र खूश होते. मी बहिणीला दाखवलं. तिने पूर्ण पाहिलं आणि म्हणाली, "हाई तुनं नही भो. तू ते रडनाच नही."

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः सात-आठ महिने नैराश्यात होतो. भर लग्नसराईत सुरू झालं. हार्ड डिस्कवर सोळा लग्नं पडून होती. स्क्रीनवर हळदीचा पिवळाजर्द गोंधळ, डीजे, नाचणारी पोरं, आणि मी माउसवर हात ठेवून बसलेलो. इथे कापू की दोन सेकंद पुढे, एवढं ठरवायला पाऊण पाऊण तास जायचा. मग तेही सुटलं. मागच्या खोलीत खाटेवर पडून राहायचो. वर पत्रा आहे, त्याला दोन भोकं. त्यातून पडलेला कवडसा सकाळी कपाटाजवळ असायचा, दुपारी माझ्या पायाशी यायचा, संध्याकाळी भिंतीवर चढून विझायचा. आई दाराशी येऊन म्हणायची, "बेटा, जेवाले ऊठ." मी हो म्हणायचो. कवडसा हातभर सरकायचा. ती परत यायची.

मला दुःख होत नव्हतं. काहीच होत नव्हतं. आणि बाहेर अंधार अजिबात नव्हता. बाहेर वैशाखातलं अमळनेर होतं, डोळे उघडवत नव्हते इतका उजेड.

बहिणीचं खरं आहे. मी माझी गोष्ट सोडून कुठेतरी पाहिलेली गोष्ट केली. आता नव्याने करायचीय. 'काहीच होत नाही' हे चित्रात कसं दाखवायचं?

---

पिलबाग

दादा, मी रावेरकडचा, केळीवाला. तांत्रिक काही कळत नाही, पण पावसाबद्दल बोलतो.

काचेवर पाऊस म्हणजे उदासी, हे आपल्याकडचं नाहीच. आपल्याकडे मृगाचे ढग आले की म्हातारी माणसं ओट्यावर येऊन बसतात, पोरं अंगणात धावतात. वादळाची भीती असते ती वेगळी. मे-जूनच्या वादळाने बाग आडवी होते तेव्हा छातीत धस्स होतं. पण साधा पाऊस? त्याच्यासाठी तर डोळे लावून बसतो आपण. तुमच्या पडद्यावर पाऊस पडला तर गावातला निम्मा प्रेक्षक मनातून सुखावेल.

आमच्या आबांना हा आजार झाला तेव्हा आम्हाला तीन महिने पत्ताच लागला नाही. कारण ते रोज शेतात जायचे. वेळेवर जायचे, बांधावर बसायचे, वेळेवर परत यायचे. मला आधी कळलं ते ठिबकवरून. आबांचा नेम होता, फिल्टरची जाळी काढून धुवायची, नळ्यांची टोकं सोडून पाणी झाडून घ्यायचं. ते थांबलं. फिल्टर तुंबला की दाब उतरतो. पण बाग लगेच सुकत नाही. मोटारीजवळची झाडं हिरवीगार असतात. नळीच्या टोकाकडच्या ओळी आधी मलूल होतात, पानं पिवळी पडतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, बाग झकास आहे.

---

ओट्यावरचं_ऊन

भाऊ, हे वाचून मी उठून फेरी मारून आलो. टोकाच्या ओळी. हे मला शूट करायचंय.

---

भुसावळ_जंक्शन

छान धागा. मी जाहिरातींचे व्हिडिओ करतो, रंगकाम (ग्रेडिंग) हा माझा मुख्य धंदा, म्हणून त्या अंगाने सविस्तर लिहितो.

निळा-करडा रंग अगदीच हवेतून आलेला नाही. २०१० साली जर्मनीत फ्रायबर्गच्या संशोधकांनी नैराश्याचे ४० रुग्ण आणि ४० निरोगी माणसं घेतली, समोर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा पट ठेवला आणि डोळ्यातल्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, विद्युत प्रतिसाद मोजला. काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवत नेला की निरोगी माणसाचा प्रतिसाद जसा वाढतो, तसा रुग्णांचा वाढत नव्हता. म्हणजे 'सगळं फिकं वाटतं' हे नुसतं बोलणं नसावं. मग २०१७ साली अमेरिकेत १६६ लोकांचे इन्स्टाग्रामवरचे ४३,९५० फोटो तपासले गेले. नैराश्य असलेल्यांचे फोटो जास्त निळे, जास्त करडे, जास्त गडद निघाले.

पण यातून 'सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) शून्य करा, झालं नैराश्य' असा अर्थ काढू नका. फ्रायबर्गचा मुद्दा काळोखाचा नाही, फरक बुजण्याचा आहे. उजेड असतो, पण उठाव नसतो. आणि तुम्ही तेच सांगताय की! वैशाखातल्या दुपारी बारा वाजता फोटो काढून पाहा. सावल्या पायाखाली गोळा झालेल्या, चेहऱ्याला खोली नाही, भिंती पांढऱ्याफटक. आम्ही एरवी ती वेळ टाळतो, सकाळ-संध्याकाळचं सोनेरी ऊन शोधतो. तुम्ही मुद्दाम बारा ते तीन शूट करा.

आता खोलीच्या आतून. माणूस आत खाटेवर, मागे उघडं दार. आतलं आणि बाहेरचं ऊन यात इतका फरक असतो की कॅमेऱ्याला दोन्ही धरता येत नाही. सगळे काय करतात, बाहेरचं नीट दिसावं म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, उतरवतात, मग माणूस काळी आकृती होतो. सुंदर दिसतं आणि फसवं असतं. तुम्ही उलट करा. आतल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक्स्पोजर धरा आणि दार जळू द्या, म्हणजे पांढरंफटक होऊ द्या. बाहेरचं अंगण, आई, गल्ली, काही दिसणार नाही; दाराच्या आकाराचा एक पांढरा तुकडा फक्त. आई त्या पांढऱ्यातून आत येईल तेव्हा तिचा चेहरा उंबरठ्यावर आल्यावरच उमटेल. मला वाटतं तुमच्या सगळ्या फिल्मचा हाच मुख्य शॉट आहे.

रंग उतरवायचाच असेल तर संगणकावर उतरवू नका, कपड्यांत उतरवा. भिंत चुन्याची असेल तर मुलाला त्याच छटेचा जुना बनियन घाला, चादरही तशीच. बाकी जगाचे रंग भडक राहू द्या. हळदीचं फुटेज आहे तसं पिवळंजर्द. सगळी फ्रेम करडी केलीत तर जगच आजारी दिसतं. जग ठणठणीत आहे आणि हा त्यात नाही, हे दिसायला हवं.

---

गिरणाकाठ

वयाने मोठा आहे म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. गावात दाखवणार म्हणजे चौकात, कापडी पडद्यावर, प्रोजेक्टरने. वर खांबावरचा दिवा, बाजूला दुकानांचे दिवे. असा पडदा काळा होतच नाही, राखाडी राहतो. मी ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमांत अंधाऱ्या दृश्यांचा नुसता चिखल झालेला पाहिलाय. भुसावळकर म्हणतात तशी उजळ फिल्म केली तर निदान दिसेल तरी.

माझा प्रश्न दुसराच आहे. काही न होणारी फिल्म लोक बघतील का? पाचव्या मिनिटाला पोरं उठून जातील.

---

भुसावळ_जंक्शन

काका, चिखलाचा मुद्दा शंभर टक्के. त्या चौकातच एकदा रात्री चाचणी घेऊन रंग ठरवायला हवेत.

कंटाळ्याबद्दल: काही न होणं वेगळं आणि न बदलणं वेगळं. कवडशाचा टाइमलॅप्स घ्या. दर दहा सेकंदांना एक फ्रेम, तीन तास. १,०८० फ्रेम होतात, सेकंदाला २५च्या गतीने चालवल्या तर ४३ सेकंद. त्यात कवडसा खोली पार करतो, आणि खाटेवरचा माणूस तिथेच. तीन तास माणसाने हुबेहूब स्थिर राहायची गरज नाही, थोडी कूस बदलू द्या, श्वास दिसू द्या. पुतळा वाटला तर खोटं होईल. प्रेक्षक कवडसा बघत बसेल, आणि मग त्याच्या लक्षात येईल की माणूस उठलाच नाही.

प्लॅटफॉर्मवर एक माणूस उभा आणि बाकी गर्दी धूसर पळतेय, हा फोटो मात्र करू नका. माझ्या गावात जंक्शन असल्याने प्रत्येक नवा फोटोग्राफर तोच काढतो.

---

समुपदेशन_ताई

मी खान्देशातल्या एका सरकारी दवाखान्यात मानसिक आरोग्य विभागात काम करते. धागा वाचून आनंद झाला, आणि दोन-तीन गोष्टींची काळजीही वाटली.

आधी आनंदाचं. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, मन उदास असणं किंवा कशातच रस न उरणं, यातलं एक तरी असेल आणि सोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा अशी लक्षणं असतील तर आम्ही नैराश्याचा विचार करतो. त्यातलं 'किंवा' लोकांना माहीत नसतं. रस न उरणं हेसुद्धा पुरेसं असतं. सगळ्या फिल्म्स उदास मन दाखवतात, कारण ते रडून दाखवता येतं. तुम्ही दुसरं दाखवताय.

आणखी एक. आमच्या ओपीडीत क्वचितच कोणी 'मला नैराश्य आलंय' म्हणून येतं. 'डोकं जड राहतं', 'अंगात त्राण नाही', 'पोटात आग पडते', 'झोप पहाटे तीनला मोडते', 'करमत नही ताई', असं सांगत येतात. सगळ्या तपासण्या करून, गोळ्यांची पिशवी घेऊन. त्या पिशवीचा एक फोटो बारा फोटोंत असावा असं मला वाटतं. आपल्याकडच्या बायकांच्या नैराश्याचं इतकं खरं चित्र दुसरं नाही.

आता काळजीचं. छताचा पंखा खालून दाखवू नका. विहिरीत डोकावणारा शॉट नको, रेल्वे रूळ नको, फवारणीचे डबे नकोत. आत्महत्येचं साधन किंवा जागा चित्रात आली की आधीच त्या विचारांशी झगडणाऱ्या माणसाला ते ओढून नेऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रसारमाध्यमांसाठी केलेल्या सूचनांतही हेच आहे. तुमच्या चौकात असा एखादा प्रेक्षक बसलेला असणार, हे गृहीत धरूनच फिल्म करा.

---

आखाजी

मी धुळे जिल्ह्यातली, आता सुरतेला असते. मला एक फ्रेम सुचली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. सगळ्या जणी झोक्यावर, आणि एक दोर रिकामाच हलतोय. जी आली नाही तिचा.

---

समुपदेशन_ताई

ताई, कल्पना मनाला भिडणारी आहे, पण झाडाला लटकणारा रिकामा दोर पडद्यावर नको. तुम्ही झोका म्हणून बघाल, दुसरा कोणी वेगळं बघेल.

---

आखाजी

आधी रागच आला. आखाजीचा झोका आम्हा बायकांच्या वर्षातला सगळ्यात मोकळा क्षण, त्यातही हेच बघायचं का? पण रात्रभर विचार केला. तुमचं बरोबर आहे, नको तो दोर.

खरं सांगायचं तर ती जी आली नाही ती मी नव्हतेच. मी गेले होते. पहिल्या बाळंतपणानंतरची आखाजी. मी झोक्यावर होते, माझे फोटो आहेत. प्रत्येक फोटोत हसतेय. बाळ मांडीवर, हातावर मेंदी, दात दिसताहेत. त्या दिवसांत मला बाळाला हात लावावासा वाटत नव्हता, आणि 'कसली आई मी' असं सतत डोक्यात चालायचं. पुढे डॉक्टरांनी बाळंतपणानंतरचं नैराश्य असं नाव सांगितलं. आजही घरी कोणी तो अल्बम काढला की म्हणतात, किती खूश होतीस तू.

तुमच्या बारा फोटोंत एक हसरा फोटो ठेवा. त्याला वेगळा रंग देऊ नका, कोपऱ्यात सावली टाकू नका. अगदी अल्बममधला वाटावा असा.

---

भुसावळ_जंक्शन

ताई, हा फोटो प्रदर्शनात सगळ्यात आधी लावायला हवा. नावाशिवाय. आणि बाकीचे अकरा बघून झाल्यावर परत येऊन बघता येईल अशा जागी.

---

नवापूरकर

एक सूचना. मनोरुग्णालयात परवानगी काढून खऱ्या रुग्णांचे काही शॉट घेतले तर विषयाला वजन येईल ना?

---

समुपदेशन_ताई

नको. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचार घेत असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, गज आणि कॉरिडॉर दाखवले की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो, 'आपल्या घरी असं काही नाही'. नैराश्याचे बहुतेक रुग्ण घरातच असतात, त्या मागच्या खोलीत.

---

गिरणाकाठ

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) आठवले. दशकानुदशकं ते आपल्या घराबाहेर पडले नाहीत असं म्हटलं तरी चालेल, आणि त्या घरातच टेबलावर घरगुती वस्तू मांडून त्यांनी अशी दृश्यं उभी केली की बघणाऱ्याला दूरचा प्रदेश वाटावा. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. फिल्म करणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावं. एक खोली, एक टेबल, एवढ्यात किती मावतं ते कळेल.

---

ओट्यावरचं_ऊन

काका, मी शाळेच्या सहलीत गेलो होतो, परत जाईन. मात्र ते फोटो माझ्या फिल्ममध्ये घ्यायचा मोह टाळणार. एकटं राहणं आणि नैराश्य या दोन गोष्टी आहेत. एकटा राहून माणूस इतकं काम करत असेल तर त्याच्यावर आजाराचं नाव आपण चिकटवू नये. माझं उलट होतं. भरलेल्या घरात होतो आणि हात चालत नव्हते.

हात न चालणं यावरून एक चित्र सापडलं, तुम्हा सगळ्यांना सांगायचंच होतं. जर्मन चित्रकार ड्युररने १५१४ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं, विषण्णतेचं. पंख असलेली एक धिप्पाड बाई गालाला मूठ लावून बसलीय. आणि तिच्या भोवती अवजारं पडलीत: करवत, रंधा, खिळे. मागे तराजू आणि वाळूचं घड्याळ. हातात कंपास आहे, पण ती काही आखत नाही. पंख आहेत, अवजारं आहेत, अक्कल आहे, आणि बसलीय. पाचशे वर्षांपूर्वीचा तो माणूस माझ्या सोळा लग्नांच्या हार्ड डिस्क बघून गेला असं वाटलं मला. ती रडत नाहीये. डोळे तर चांगले टक्क उघडे आहेत.

डोकं हातात धरलेला माणूसही कधीतरी खरा होता म्हणा. व्हॅन गॉगने १८९० साली रंगवलेला तो खुर्चीवरचा म्हातारा, डोळ्यांवर मुठी दाबलेला. तो पाहताना आत काहीतरी तुटतं. पण त्याने बसलेला माणूस पाहिला होता. मी इंटरनेटवरचे फोटो पाहिले होते.

मग ठरवलंय की माणूस कमी आणि राहून गेलेली कामं जास्त दाखवायची. चेहरा पूर्ण फिल्ममध्ये दोनदाच. ताटावर झाकलेलं ताट, त्यात कळण्याची भाकरी वाकडी होऊन वाळलेली. चार्जिंगला लावलेल्या कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, हिरवा दिवा लागून दिवस झालेले. पालथा ठेवलेला फोन, टेबलावर गुरगुरत हळूहळू कडेला सरकणारा. भिंतीवरचं कॅलेंडर न उलटलेलं, असं मित्र म्हणाला, ते मी नाकारलं. आमच्या घरी आई पानं उलटते. ती एकही महिना चुकली नाही, आणि मला तेच खरं वाटतं: महिने तिने उलटले, मी फक्त पाहिले.

आवाजाचं विचारायचं राहिलं. भुसावळकर, पाण्याखाली गेल्यासारखा दबलेला आवाज करावा का?

---

भुसावळ_जंक्शन

तुम्हाला तसा ऐकू यायचा का?

---

ओट्यावरचं_ऊन

नाही. उलट होतं. स्टीलच्या ताटावर चमचा घासला की दातांतून कळ जायची. कूलरची घरघर डोक्यात बसायची. माणसांचं बोलणं मात्र, शब्द कळायचे पण माझ्यासाठी नाहीत असं वाटायचं.

---

भुसावळ_जंक्शन

मग तेच करा. संगीत काढा. कूलर, चमचा, फोन यांचा माइक जवळ लावून आवाज घ्या. आईचं बोलणं दोन खोल्या लांब ठेवलेल्या माइकवर घ्या, मग ती दाराशी उभी असली तरी आवाज लांबून येईल. चित्र जवळचं, आवाज दूरचा. यापेक्षा जास्त काही लागणार नाही.

---

आखाजी

शेवट काय करताय? फक्त सूर्योदय आणि हात पसरून पळणारा मुलगा नको.

---

समुपदेशन_ताई

मीही तेच लिहिणार होते. औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, समुपदेशनालाही वेळ लागतो. एका सकाळी सगळं लख्ख होत नाही. घरच्यांनी सूर्योदयाची वाट बघितली की महिन्याभरात 'गोळ्यांनी काही झालं नाही' म्हणून बंद करतात. शेवटच्या पाटीवर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरांत टाका. सरकारी आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नंबर निदान पंधरा सेकंद पडद्यावर राहू द्या, लोकांना फोन काढून टिपायला वेळ लागतो.

---

पिलबाग

आमच्या आबांचं सांगतो. दवाखाना सुरू होऊन दीड-दोन महिने झाले असतील. आषाढ होता. मी मोटार बंद करायला गेलो तर आबा फिल्टर उघडून बसलेले. जाळी हातात, जुना ब्रश, अंगठ्याने शेवाळ खरवडताहेत. मी काही बोललो नाही, पुढे निघून गेलो. त्यानंतर परत चार दिवस ते बांधावरच बसून होते. मग पुन्हा एकदा धुतला. आईला मी त्या पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तिने आबांना काही विचारलं नाही, रात्री शेवभाजी केली फक्त. आबांनी दोनदा वाढून घेतली.

---

ओट्यावरचं_ऊन

पिलबाग भाऊ, तुमच्याकडे शूट करता येईल का? माझी खोली माझ्याकडे होईल, पण टोकाच्या ओळी आणि फिल्टर तुमच्याच बागेत हवाय. चेहरा, नाव, गाव काही येणार नाही, फक्त हात. आणि आबांना विचारूनच. ते नको म्हणाले तर विषय संपला.

---

पिलबाग

आबांना रात्री वाचून दाखवलं, सगळा धागा. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, हात माझेच घे म्हणावं, दुसऱ्याला जाळी नीट धरता येणार नाही.

रविवारी या. मोटारीला लाइट सकाळी आठपर्यंत आहे.

---

ओट्यावरचं_ऊन

सहाला पोचतो. आबांना सांगा, तोवर फिल्टर धुऊ नका.